उतारापुरती जागा

या, जरा जवळ सरकून बसा. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या, संकोच नको. आज एका विजेच्या गाडीची गोष्ट सांगणार आहे. ती चालवणाऱ्या सुनेची आणि त्या गाडीवर जीव टाकणाऱ्या सासऱ्याची. तुम्ही म्हणाल, गाडी, बॅटरी, विजेचं बिल, यात देवाचं काय आलं? ऐकून घ्या. गोष्ट संपेपर्यंत त्या दोघांबद्दल तुमच्या मनात माया उपजली नाही, तर सांगणाऱ्याचा कान धरा.

एका डोंगराच्या माथ्यावर लहानशी वस्ती. खाली पायथ्याला शहर. मधे वळणावळणाचा लांबलचक घाट. वस्तीतल्या बहुतेकांचं काम शहरात, त्यामुळे सकाळी माणसं खाली ओतायची आणि संध्याकाळी वर भरायची, असा त्या रस्त्याचा रोजचा श्वास. त्या रस्त्यावर आपली सूनबाई सात जणांची गाडी चालवायची. वस्तीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे सूनबाईच म्हणत. कारण ती उस्तादांची सून होती, आणि उस्तादांना त्या घाटात ओळखत नाही असा एक दगड नव्हता.

उस्ताद म्हणजे तिचे सासरे. उभं आयुष्य याच घाटात लाकडाने भरलेल्या लॉऱ्या उतरवल्या. आता डोळ्यांनी दगा दिला, स्टिअरिंग सुटलं, पण सवयी सुटल्या नाहीत. त्यातली सर्वांत मोठी सवय भरवण्याची. लॉरी असताना टाकी काठोकाठ भरल्याशिवाय पाठ टेकायची नाही, हा त्यांचा नेम. "घरातून उपाशी कुणी बाहेर पडायचं नाही," हे त्यांचं ब्रीद लॉरीला लागू होतं, तसंच माणसांनाही. त्यांच्याकडे जेवायला बसलेल्याची खैर नसे. पाहुणा दोन्ही हात ताटावर आडवे धरून बसला, तरी बोटांच्या फटीतून त्याच्या ताटात भाताचा डाव पडायचाच.

विजेची गाडी घरात आली तेव्हा उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की चार्जिंगचं खातं त्यांचं. गाडी फेरी मारून अंगणात आली रे आली की हे प्लग घेऊन हजर. आधी प्लग फडक्याने पुसायचा, मग लावायचा, मग गाडीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "खा पोरी, पोटभर खा." स्क्रीनवर शंभर टक्के दिसल्याशिवाय तार काढायची नाही. दिवसातून तीन फेऱ्या, तिन्ही वेळा पोटभर जेवण. लॉरी गेल्यापासून म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं जे तेज गेलं होतं, ते या तारेतून परत आलं, असं सूनबाईला वाटायचं.

पण ते जेवण गाडीच्या अंगाला लागत नव्हतं. सूनबाईचा नवरा माथ्यावरच्या लाकडाच्या वखारीत कामाला होता, आणि घरखर्चाचा मेळ तोच घालायचा. माणूस वाईट नव्हे. फक्त खर्चाचं नाव निघालं की त्याचा आवाज वखारीतल्या करवतीसारखा व्हायचा. त्याचं म्हणणं असं, की डिझेलपेक्षा निम्म्यात चालेल म्हणून ही गाडी घेतली. आता विजेचं बिल दर महिन्याला वर चढतंय, आणि त्यात ब्रेकचा खर्च. शहरातला त्याचा चुलतभाऊ गाडी विकत घ्यायला तयारच होता. थंडी सरेपर्यंत खर्च उतरला तर ठीक, नाहीतर गाडी चुलतभावाच्या दारात आणि सूनबाई घरात, असं दोघांचं ठरलं. ठरलं म्हणजे तो बोलला, आणि ती गप्प राहिली.

गप्प राहिली, पण आतून हलली. स्टिअरिंग हातात आल्यापासून तिला पहिल्यांदा वाटलं होतं की आपण या घरात नुसतं राबत नाही, हे घर आपणही ओढतोय. सकाळी पहिल्या वळणावर डोंगरामागून उजेड फुटायचा, आणि मागे बसलेली सात माणसं तिच्या हातांवर विसंबून निवांत डुलक्या घ्यायची. ते विसंबणं तिला देवाच्या प्रसादासारखं वाटे. ते आता जाणार होतं.

ब्रेकचं कोडं तर तिला मुळीच उलगडत नव्हतं. पायथ्याच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने दुसऱ्यांदा ब्रेक बदलताना मान हलवली होती. विजेच्या गाडीचे ब्रेक वर्षानुवर्षं टिकतात, कारण उतारावर पाय उचलला की मोटरच गाडी आवरते आणि तेवढी वीज बॅटरीत परत जाते, असं तो म्हणाला. मग हसत विचारलं, "ताई, तुम्ही ब्रेकवर नाचता की काय?" सूनबाईला ते लागलं. उस्तादांच्या सुनेला ब्रेकवरून कुणी बोलावं, म्हणजे सोनाराच्या घरात वजनाचा काटा खोटा निघावा तसं. कारण ती पाय उचलायची. अगदी वरच्या वळणापासून उचलायची. पण घाटाच्या वरच्या अर्ध्या भागात गाडी आवरतच नसे, मोकाट सुटायची, आणि नाइलाजाने ब्रेक दाबावा लागायचा. मधे एक छोटी चढण लागते. ती चढून पुढच्या उताराला लागलं, की मग कुठे गाडी शहाण्यासारखी स्वतःला आवरू लागायची.

याचं निदान शिंपीकाकांनी केव्हाच केलं होतं. शिंपीकाका म्हणजे रोजचे प्रवासी, शरीराने ऐसपैस, मांडीवर शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं, आणि जिभेला सुईपेक्षा बारीक टोक. उस्तादांचे लाड पाहून त्यांनी गाडीचं नाव 'जावईबुवा' ठेवलं होतं. वरच्या उतारावर ब्रेकचा जळका वास आला की म्हणायचे, जावईबुवांना अजून सुस्ती आहे. चढण ओलांडून गाडी ताळ्यावर आली की म्हणायचे, चला, जावईबुवांचं जेवण जिरलं. सगळी गाडी हसायची. सूनबाईही हसायची. तिची समजूत अशी, की थंडीने मोटर आखडते आणि चढण चढून अंगात ऊब आली की मोकळी होते. वरच्या भागात स्क्रीनच्या कोपऱ्यात एक करडी खूण दिसायची, तीही तिने थंडीच्याच खात्यात जमा करून टाकली होती.

मग खर्च वाचवायला तिने काय करावं? हीटर बंद केला. हीटरला वीज लागते, तेवढी वाचेल. बिचारे प्रवासी काही बोलले नाहीत. आपली रोजची गाडी जाणार म्हटल्यावर सगळे सोसायला तयार. शिंपीकाकांनी गाठोडं सोडलं आणि लोकांचे शिवलेले कोट एकेकाच्या अंगावर पांघरले. एक शाळेतली बाई भलत्याच माणसाच्या लग्नाच्या कोटात बसून शहरात उतरली. "माप कुणाचंही असो, थंडी एकच," असं शिंपीकाकांनी समाधान केलं. महिन्याअखेरीस बिल आलं ते होतं तेवढंच. ब्रेक मात्र आणखी झिजले.

नवऱ्याने बिल पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चुलतभावाला फोन केला. पुढच्या महिन्याअखेरीस गाडी बघायला ये, म्हणाला.

आणि इथे, ऐका हं, त्या वरच्याने फुंकर घातली. संध्याकाळी असा वारा सुटला की रस्त्याकडेचं झाड विजेच्या तारांवर आडवं झालं. वस्तीतली वीज गेली. गाडी नुकतीच शेवटची फेरी मारून आली होती, प्लग लावून थोडाच वेळ झालेला, बॅटरी निम्म्याच्याही आत. उस्ताद रात्रभर तळमळले. सकाळी वीज नव्हतीच. सूनबाई किल्ली घेऊन निघाली, तेव्हा ते गाडीसमोर उभे. उपाशी गाडी घाटात नेऊ नको, म्हणाले. तिने समजावलं की खाली पोचायला एवढं पुष्कळ आहे, शाळेतल्या बाईंची परीक्षा आहे, जाणं भाग आहे. ते बाजूला झाले, पण गाडी वळेपर्यंत हातातल्या फडक्याला पीळ घालत राहिले.

पहिलं वळण आलं. सूनबाईने पाय उचलला, आणि गाडीने स्वतःला आवरलं. कुणी पदराला धरून हळूच मागे ओढावं, तसं. तिला आधी खरंच वाटेना. दुसरं वळण, तिसरं वळण. ब्रेकला पाय लावायची वेळच येईना. जळका वास नाही, कोपऱ्यातली करडी खूण नाही. थंडी तर कालच्यापेक्षा जास्त होती. मागून शिंपीकाका म्हणाले की आज जावईबुवा सासुरवाडीहून नाही, स्वतःच्या घरून निघालेत वाटतं. पण तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ती स्क्रीनकडे बघत होती. निघताना आकडा पन्नाशीच्या आत होता. पायथ्याला गाडी थांबली तेव्हा तो पन्नाशीच्या पुढे गेलेला. सात माणसं आणि एक गाठोडं डोंगरावरून खाली आणलं, आणि गाडीच्या पोटात उलट भरच पडली होती.

माणसं उतरून गेली, तरी ती जागची हलली नाही. मेकॅनिकचे शब्द आठवले: वीज बॅटरीत परत जाते. जाते, पण कुठे जाणार? काठोकाठ भरलेल्या घागरीत कुणी आणखी ओतायला गेलं, तर घागर काय करील? वरचा सगळा उतार डोंगर ओंजळी भरभरून देत होता, आणि घ्यायला जागाच नव्हती. म्हणून मोटर आवरत नव्हती, म्हणून सगळा भार ब्रेकवर. मधली चढण चढताना थोडं खर्च व्हायचं, जरा जागा व्हायची, आणि मग गाडी ताळ्यावर यायची. थंडीचा दोष इतकाच, की थंडी पडली म्हणून तिने हीटर बंद केला आणि होती तेवढी जागाही घालवली.

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण घागर काठोकाठ भरणारा हात कुणाचा होता?

घरी हे सांगायचं कसं? नवऱ्याला सांगावं तर तो भोळेपणाने म्हणून जाईल, म्हणजे इतके दिवस बाबाच पैसे उधळत होते. म्हाताऱ्याकडे उरलेलं ते एकुलतं एक काम. ते ज्या मायेने करतात त्या मायेलाच चूक म्हणायचं? तिला ते जमेना. वीज परत आली, उस्तादांनी आनंदाने गाडी भरली, आणि दुसऱ्या सकाळी वरच्या वळणावर पुन्हा तोच जळका वास. आता शंकेला जागा नव्हती. चुलतभाऊ येणार तो दिवस मात्र जवळ येत चालला होता.

तिने एक भाबडी युक्ती काढली. पहाटे उस्ताद उठायच्या आधी अंगणात जाऊन तार काढून ठेवायची. गाडी भरत आलेली असेल, पण पुरती नाही. एका पहाटे ती दबक्या पावलांनी गेली, प्लगला हात घातला, ओढला, आणि मागे वळली तर उस्ताद उभे. अंगावर कांबळं, हातात ते फडकं.

त्यांनी तिच्या हातातल्या तारेकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या हातचं तिला नकोसं झालं का गं?"

सूनबाईच्या हातात तार तशीच राहिली. मनात योजलेलं खोटं जिभेवर आलं होतं, प्लग तापतो म्हणून काढला. पण त्या प्रश्नापुढे ते टिकेना. ती म्हणाली, "बाबा, पाहुण्याला पुरे झालं की तो ताटावर हात आडवा धरतो. हिला हात नाहीत."

त्यांना कळलं नाही. तिने फोड केली नाही. एवढंच म्हणाली की आज माझ्याबरोबर खाली चला, पुढच्या सीटवर बसा, आणि तुम्हीच बघा. ज्या माणसाने घाट सोडल्यापासून घाटाचं तोंड पाहिलं नव्हतं, तो माणूस कांबळं सावरत गाडीत बसला.

उस्ताद पुढे बसलेले पाहून प्रवासी जरा सावरून बसले. शिंपीकाकांनीसुद्धा तोंड मिटून घेतलं. गाडी निघाली. पहिल्या वळणाला उस्तादांचा उजवा पाय आपोआप पुढच्या पत्र्यावर दाबला गेला. इतक्या वर्षांचा ब्रेक त्या पायात होता. पण गाडी आवरली. पुढच्या वळणालाही पाय दाबला, जरा हलका. गाडी पुन्हा आवरली. सूनबाईने आपले दोन्ही पाय मुद्दाम मागे घेऊन त्यांना दाखवले आणि स्क्रीनवरच्या आकड्याकडे बोट केलं. डोळे अधू असले तरी आकडा मोठा होता. तो वाढत होता.

घाटात एका वळणावर दगडी कुंड आहे. पूर्वी लॉरीवाले तिथे थांबून ब्रेकने तापलेल्या चाकांवर पाणी मारायचे आणि वाफेचे लोट उठायचे. ते वळण आलं तसे उस्ताद म्हणाले, "थांबव."

ते उतरले. वाकून त्यांनी चाकाला हात लावला. आधी बोटं, मग सगळा तळवा. चाक गार होतं. एका चाकाकडून दुसऱ्याकडे गेले, तेही गार. मग त्या कोरड्या कुंडाकडे बघत उभे राहिले.

"केवढी वाफ केली आम्ही इथे," ते म्हणाले. "जन्मभर लाकडं उतरवली. डोंगर देत होता, आणि आम्हाला घेता येत नव्हतं. आमच्याकडे भांडंच नव्हतं." थोडं थांबून सुनेकडे वळले. "हिच्याकडे आहे. आणि मी ते वरपर्यंत भरून पाठवत होतो."

सूनबाई म्हणाली की बाबा, तुम्ही मायेने भरत होतात. त्यावर ते हसले. पार डोळ्यांपर्यंत हसले. "मायेलाही कळायला पाहिजे की, कुठे हात आवरायचा," असं म्हणाले आणि गाडीच्या पाठीवर थाप मारून आत बसले. मंडळी, मोठेपणा कशाला म्हणायचं ते मी इथे शिकलो. आपली चूक लोकांसमोर कळल्यावर एवढं मोकळं हसता येणं, हे काही सगळ्यांच्या नशिबी नसतं.

आणि खरं कौतुक तर पुढेच आहे. उस्तादांनी चार्जिंगचं खातं सोडलं नाही. पण आता त्याची कला झाली. संध्याकाळी ते वस्तीत एक चक्कर मारून यायचे आणि उद्या खाली कोण कोण जाणार याची चौकशी करायचे. भार जास्त असेल तर डोंगर जास्त देणार, म्हणून जागा जास्त ठेवायची. माणसं कमी असतील तर जागा कमी. मग पायरीवर बसून स्क्रीनचा अंदाज घ्यायचे आणि नेमक्या वेळी तार काढायचे. वर परत चढायला कमी पडणार नाही, आणि उतरताना सांडणार नाही, असा तो नेमका मधला घास. प्लग पुसायची सवय तशीच राहिली. फक्त 'पोटभर खा' ऐवजी म्हणायचे, "उरलेलं वाटेत मिळेल, पोरी."

शिंपीकाकांना हा हिशोब कळला मात्र, त्यांनी तक्रारच मांडली. आपल्या वजनाने गाडी भरते म्हणजे आपण प्रवासी नव्हे, इंधन आहोत, तेव्हा आपलं भाडं माफ करा, असं त्यांचं म्हणणं. "उतरताना माफ करते," सूनबाई म्हणाली, "चढताना दुप्पट द्या." त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. हीटर मात्र सुरू झाला, आणि भलत्याचे कोट भलत्याच्या अंगावर जाणं थांबलं.

चुलतभाऊ ठरल्या दिवशी आला. ताजं बिल त्याच दिवशी आलं होतं. नवऱ्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि वखारीतून घरी येणारा तो करवतीचा आवाज त्या दिवशी काही निघाला नाही. भावाला म्हणाला की जेवून जा, गाडी मात्र राहू दे. संध्याकाळी तो बाहेर गेला आणि आला तो गाडीच्या सीटवर घालायला जाड गरम आवरणं घेऊन. बायकोच्या हातात देताना एवढंच म्हणाला, "अगं, तुझ्या सीटला आधी घाल." तिला तेवढं पुष्कळ होतं. तो वळला की नाही हे न बघताच तिने पदराने डोळे टिपले.

रात्री सगळे जेवायला बसले. चुलतभावाने सवयीप्रमाणे, वाढायच्या आधीच, दोन्ही हात ताटावर आडवे धरले. उस्ताद भाताचा डाव घेऊन त्याच्यासमोर आले आणि थांबले. डाव हवेतच धरून त्यांनी विचारलं, "वाढू का रे?"

त्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. चुलतभाऊ इतका गोंधळला की त्याने हात काढून घेतले आणि म्हणाला, वाढा.

झाली गोष्ट. आपण देवाच्या दारात मागायला जातो, पण जाताना आपलं भांडं आधीच आपल्या शहाणपणाने काठोकाठ भरून नेतो. मग तो देत नाही, असं म्हणायला आपण मोकळे. मला ही खूण त्या म्हाताऱ्याने शिकवली. कुठल्या मोठ्या माणसाने नव्हे. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी एखाद्या घाटातून उतरत असाल, आणि गाडी न सांगता स्वतःला आवरत असेल, तेव्हा घटकाभर उस्तादांची आठवण काढा. गाठ पडली असेल-नसेल, त्याने काही बिघडत नाही. अंगणातल्या पायरीवर फडकं घेऊन बसलेला, तार नेमकी कधी काढायची याची वाट बघणारा एक म्हातारा, एवढंच मनात आणा.